दार उघडे आहे, हे सांगायला हवे



ग्रंथालयांच्या व वस्तुसंग्रहालयांच्या कार्यकर्त्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. अनुदान, वेतन, दर्जावाढ हे आपले प्रश्न जिव्हाळ्याचे आहेत. त्यांवर ठराव येतील आणि त्या ठरावांना माझा पूर्ण पाठिंबा राहील. आज मात्र मी आपल्या दाराबाहेरून रोज जाणाऱ्या, पण आत न येणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे.

आपला वारसा लहान नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि पुढे तालुक्यातालुक्यांत, खेड्यापाड्यांत वाचनालये उभी राहिली. वस्तुसंग्रहालयांचेही तसेच. नागपूरचा अजब बंगला १८६३पासून आहे. मुंबईचे मणिभवन, जिथे १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम असे, ते आजही पाहता येते. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व खात्याच्या वस्तुसंग्रहालयात १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. म्हणजे पैशांची अडचण फार थोड्या ठिकाणी आहे. अडचण आहे ती माहितीची, आणि त्याहून अधिक संकोचाची.

तुमच्या वाचनालयाच्या दर्शनी पाटीकडे परक्या माणसाच्या नजरेने पाहा. तिच्यावर संस्थेचे नाव असते, स्थापनेचे वर्ष असते, नोंदणी क्रमांक आणि शासनाचा दर्जा असतो. शेजारच्या संगमरवरी फलकावर देणगीदारांची नावे असतात. पण आत बसून वर्तमानपत्र वाचायला एक पैसाही लागत नाही, हे कुठेच लिहिलेले नसते. आपण त्या दालनाला मुक्तद्वार विभाग म्हणतो, पण ते दार मुक्त आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते. भाजीची पिशवी घेऊन थबकलेल्या बाईला प्रश्न पडतो : चपला बाहेर काढायच्या का? सभासद नसले तर चालेल का? अनामत किती? जामीनदार लागतो का? हिय्या करून ती आत येते आणि टेबलामागून, मान वर न करता, विचारले जाते, ‘काय पाहिजे?’ ती पुन्हा येत नाही.

सयाजीराव गायकवाडांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी उमगली होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या या राजाने १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण शाळेत शिकलेली अक्षरे पुस्तकांवाचून विसरली जातात, हे ओळखून त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला पाचारण केले. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेड्यांत पोहोचवणारी फिरती ग्रंथालये तिथे सुरू झाली. वाचक येण्याची वाट न पाहता ग्रंथालय त्याच्या गावी गेले. ग्रंथ वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा पहिला सिद्धान्त १९३१ साली प्रसिद्ध झाला. बडोद्याच्या त्या पेट्यांनी तो आधीच आचरणात आणला होता.

वस्तुसंग्रहालयांना तर सांगण्यासारखे किती आहे! कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पॉसायडन या ग्रीक सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात सापडली. रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापाराची ही खूण. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती थेट इटलीतल्या पाँपेईत सापडली. तेरच्या मुलाला हे कळले, तर आपले गाव कधीकाळी जगाच्या बाजारपेठेशी जोडलेले होते, या जाणिवेने तो भूगोल वेगळ्या डोळ्यांनी वाचेल. हे त्याला सांगणे म्हणजे जाहिरातबाजी नव्हे. ते आपले मूळ काम आहे.

म्हणून माझा आग्रह चार गोष्टींचा आहे. पहिली, प्रत्येक संस्थेने रस्त्यावरून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत लिहावे : कोणीही आत यावे, बसून वाचायला पैसे नाहीत, खाली वेळ, सुट्टीचा वार, वर्गणी आणि अनामत. दुसरी, जिल्हा ग्रंथालय संघाने जिल्ह्यातील मोफत आणि अल्प शुल्काच्या सर्व ग्रंथालयांची व वस्तुसंग्रहालयांची एक पानाची यादी करावी आणि ती शाळा, एसटी स्थानक, ग्रामपंचायत व आरोग्य केंद्रात लावावी. मराठी विश्वकोश, तसेच राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके घरबसल्या विनामूल्य वाचता येतात, हेही त्या यादीत असावे. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबालाही त्याचा लाभ होईल. तिसरी, आठवडी बाजाराच्या दिवशी आणि कामावरून परतणाऱ्यांच्या वेळेत आपली दारे उघडी असावीत. चौथी सर्वांत महत्त्वाची : नव्या माणसाला उठून सामोरे जावे आणि पहिल्या भेटीत त्याला सगळे कपाटांपर्यंत नेऊन दाखवावे.

यांतल्या एकाही गोष्टीसाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. तुटपुंज्या मानधनावर तुम्ही ही दालने टिकवलीत, याची मला जाणीव आहे, आणि त्याबद्दल मी तुमच्यापुढे नतमस्तक आहे. पण ज्या संस्थेशी लोकांचा संबंध उरत नाही, तिच्या अनुदानासाठी लोक भांडायला उभे राहत नाहीत. आपले वाचक आणि प्रेक्षक वाढले, तर आपल्या मागण्यांचा आवाजही वाढेल. हा कार्यक्रम ठरावाच्या रूपाने आजच संमत करावा आणि पुढच्या अधिवेशनात प्रत्येक तालुक्याने त्याचा हिशेब द्यावा, अशी विनंती करून मी थांबतो.