शहाण्याने कोर्टाची पायरी केव्हा चढावी?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात, राजूर येथे दिलेले भाषण)



मी काही वकील नाही, न्यायाधीशही नाही. कोर्टात लिपिक म्हणून माझे आयुष्य गेले. हजारो साक्षीदार मी पिंजऱ्यात उभे राहिलेले पाहिले. त्यांतले निम्मेअधिक थरथरत येत आणि घाम पुसत जात. म्हणून अध्यक्ष साहेबांनी बोलायला सांगितले तेव्हा मी हाच विषय घेतला.

मघाशी नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, सिनेमात दाखवतात तसे आपल्यालाही ज्युरीत बसायला बोलावतात का?" प्रश्न चांगला आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करू.

आपल्या देशात इंग्रजांच्या काळात ज्युरी होती. गावातले, शहरातले साधे नागरिक न्यायाधीशाबरोबर बसत आणि आरोपी दोषी की निर्दोष ते सांगत. 1908 साली लोकमान्य टिळकांचा खटला मुंबई हायकोर्टात चालला, तेव्हा ज्युरीत नऊजण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन अशा मतांनी टिळकांना दोषी ठरवले गेले. ज्युरीत कोण बसतो यावर किती अवलंबून असते ते यावरून कळते. पुढे 1959 साली मुंबईत नौदलाचे अधिकारी कमांडर नानावटी यांच्यावर खुनाचा खटला झाला. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष म्हटले. सेशन जज्जांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले, तेथे जन्मठेप झाली आणि 1961 साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. या एका खटल्यामुळे ज्युरी बंद झाली असे लोक म्हणतात. खरे तर विधी आयोगाने 1958 सालीच ती काढून टाकावी असे सुचवले होते. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी राहिलीच नाही. आज तिची आठवण उरली आहे ती पारशी समाजाच्या घटस्फोटाच्या दाव्यांत. तेथे न्यायाधीशांसोबत समाजाचे पाच प्रतिनिधी बसतात.

तेव्हा बाळ, तुला ज्युरीत कोणी बोलावणार नाही. पण न्यायाच्या कामात तुझी गरज संपली असे समजू नकोस. न्यायाधीश घटनेच्या वेळी राजूरच्या चौकात उभा नसतो. जे घडले ते त्याला तुझ्या-माझ्या डोळ्यांनीच पाहावे लागते. साधा माणूस आज कोर्टात दोन नावांनी जातो, एक पंच म्हणून आणि दुसरा साक्षीदार म्हणून. आपल्याकडे मात्र म्हण ठरलेली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण भांडकुदळ माणसासाठी आहे, ज्याने डोळ्याने पाहिले त्याच्यासाठी नाही. हे मी पुस्तकात शिकलो नाही, माझ्या अब्बांकडून शिकलो. आणि शिकताना माझी मान खाली गेली होती.

गोष्ट 1989 सालची. गणपतीच्या रस्त्याला आमचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. चतुर्थीचा दिवस, दर्शनाला आलेल्या माणसांची गर्दी. दुकानासमोर एक जीप मागे घेताना एक म्हातारे गृहस्थ चाकाखाली सापडले. दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच ते गेले. जीप चालवत होता अब्बांच्या चुलतभावाचा मुलगा. पोलिसांनी पंचनामा केला, अब्बांचा जबाब घेतला आणि तीन वर्षांनी तालुक्याच्या कोर्टातून समन्स आले.

त्या रात्री आमच्या ओसरीवर नातेवाईक जमले. म्हणणे एकच, "तुम्ही पाठमोरे होता, काही दिसले नाही, एवढेच म्हणा. घरचा पोरगा आहे." दुसऱ्या दिवशी मृताच्या गावची दोन माणसे दुकानात आली. त्यांचे म्हणणे, "चाचा, पोरगा दारू प्यालेला होता, गाडी भरधाव होती, असे सांगा." अब्बांनी दोघांनाही चहा पाजला, शब्द कोणालाच दिला नाही.

आणि मी? मी तेव्हा दुसऱ्या एका कोर्टात नुकताच चिकटलो होतो. साक्षीदारांना शपथ देताना रोज पाहत होतो. मीच अब्बांना म्हणालो, "अब्बा, आठवत नाही म्हणा, कोणी काही करू शकत नाही." अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठवत नसते तर तसेच सांगितले असते. तुझ्या नोकरीत हेच शिकवतात का?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

साक्षीच्या दिवशी मी रजा काढून गेलो आणि कोर्ट हॉलमध्ये मागच्या बाकावर बसलो. अब्बांनी सांगितले ते असे : मी पंक्चर काढत होतो, मान खाली होती. ओरडण्याचा आवाज आला तेव्हा वर पाहिले. गाडीच्या मागे हात दाखवायला कोणी उभे नव्हते. ओरडा झाल्यावरही गाडी हातभर मागे आली, मग थांबली. आरोपीच्या वकिलांनी विचारले, "म्हणजे धक्का लागला तो क्षण तुम्ही पाहिला नाही?" अब्बा म्हणाले, "नाही पाहिला." सरकारी वकिलांनी वेग विचारला. "मला सांगता येणार नाही." दारूबद्दल विचारले. "मी त्याच्या जवळ गेलो नव्हतो." शेवटी अब्बांनी हेही सांगितले की म्हाताऱ्यांना उचलून दवाखान्यात नेणारा तोच पोरगा होता. दोन्ही बाजू नाराज झाल्या. भाच्याला, म्हणजे पुतण्याला आम्ही लाडाने भाचा म्हणत असू, सहा महिन्यांची सजा झाली. त्याच्या वडिलांनी चार वर्षे आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही, माझ्या बहिणीच्या निकाहलाही आले नाहीत. नंतर एका ईदला आले, शीरखुर्मा घेतला आणि गेले. त्या विषयावर शब्द निघाला नाही, तो कधीच निघाला नाही. खरे बोलण्याची किंमत पडत नाही असे मी तुम्हांला सांगणार नाही. पडते. पण अब्बांना त्या रस्त्याने मान वर करून चालताना मी शेवटपर्यंत पाहिले.

असो. आता उपयोगाच्या चार गोष्टी सांगतो. त्या घरी जाऊन सर्वांना सांगा.

पहिली गोष्ट, समन्स म्हणजे गुन्हा नव्हे. पोलीस दारात कागद घेऊन आला की घरात रडारड सुरू होते. आधी कागद वाचा. कोर्टाचे नाव, शिक्का, खटल्याचा नंबर, तारीख आणि तुम्हांला साक्षीदार म्हणून बोलावले आहे की आरोपी म्हणून, हे सारे त्यात असते. पूर्वी घरी माणूस नसेल तर समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडे देत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘पुरुष’ हा शब्द गेला. आता घरातली प्रौढ स्त्रीही ते घेऊ शकते. म्हणून आया-बहिणींनी हे नीट ऐकावे. नव्या कायद्याने समन्स मोबाईलसारख्या साधनांनीही येऊ शकते. पण फोनवर कोणी ‘डिजिटल अटक’ म्हणून पैसे मागू लागला तर तो भामटा आहे. कायद्यात अशी अटक नाही. कागद खरा की खोटा ते कोर्टात किंवा ठाण्यात जाऊन विचारा.

दुसरी गोष्ट पोलिसांच्या जबाबाची. तपासासाठी पोलीस साक्षीदाराला लेखी आदेशाने बोलावू शकतात. मात्र स्त्रिया, 15 वर्षांखालील मुलगे, 60 वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसे यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब राहत्या ठिकाणी घ्यावा लागतो. तपासात पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. पंचनाम्याचे उलट आहे, तेथे पंचाची सही लागते. घराची झडती घेताना त्याच भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित, निःपक्ष रहिवासी पंच म्हणून बोलवावे लागतात. जप्त वस्तूंची यादी त्यांच्यासमोर होते आणि नव्या कायद्याने झडतीचे चित्रीकरणही करायचे असते. लेखी आदेश मिळाल्यावर सबळ कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा गुन्हा आहे. पण कोऱ्या कागदावर सही करणे हे पंचाचे काम नव्हे. जे पाहिले तेच लिहिले आहे ना, हे वाचून किंवा वाचून घेऊन मगच सही करा. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, ते पाच न पाहता सही करू लागले तर परमेश्वर कोणत्या मुखाने बोलणार?

तिसरी गोष्ट, कोर्टातला दिवस. वेळेच्या आधी जा. समन्स आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. आल्याचे सरकारी वकिलांना किंवा पैरवी करणाऱ्या पोलिसाला कळवा आणि नावाचा पुकारा होईपर्यंत बाहेर बसा. आत गेल्यावर शपथ असते. ती ईश्वराच्या नावाने घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञाही करता येते. मग सरकारी वकील विचारतात ती सरतपास, आरोपीचे वकील विचारतात ती उलटतपास. उलटतपासात तुमच्यावर संशय घेतला जातो. त्याचा राग मानू नका, ते त्या वकिलाचे कामच आहे. प्रश्न पूर्ण ऐका, तेवढेच उत्तर द्या. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारा. ‘माहीत नाही’ आणि ‘आठवत नाही’ हीसुद्धा उत्तरे आहेत, खरोखर तसे असेल तेव्हा. अंदाजाला खात्रीचे कपडे घालू नका. आपल्या तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे. घरी आपण दखनी किंवा उर्दू बोलतो. अम्मी-खालांना मराठीत अडत असेल तर न्यायाधीशांना तसे सांगावे, त्यात कमीपणा नाही. वयस्क माणसाने खुर्ची मागावी. साक्ष लिहून झाली की ती ऐकून घ्या, चूक असेल तर तेथेच सांगा.

कधी दिवसभर बसून नुसती पुढची तारीख मिळते, हेही खरे. साक्षीदार हजर असताना विशेष कारणाशिवाय तहकुबी देऊ नये, असे कायदाच सांगतो. रोजी बुडते म्हणून खर्चाचा भत्ता मागा आणि नोकरीवाल्याने हजेरीचा दाखला मागून घ्यावा. समन्स मिळूनही गेलाच नाहीत तर दंड होऊ शकतो, वॉरंटही निघू शकते. आणि कोर्टात जाणूनबुजून खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे.

चौथी गोष्ट भीतीची. कोणी धमकी देत असेल तर गप्प राहू नका. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2018 मध्ये मंजूर केली आहे. तिच्यासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. आपल्यासाठी ती समिती जालन्याला. आणि रस्त्यावर जखमी माणूस दिसला तर साक्षीच्या धाकाने पुढे जाऊ नका. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आहे. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. साक्ष द्यायची की नाही हे त्याच्या मनावर आहे. आधी माणूस वाचवा.

मुलांनो, तुमच्या हातात आज मोबाईल आहे. भांडण, अपघात दिसला की चित्रीकरण होते आणि क्षणात गावभर फिरते. ते फिरवू नका, कापू-जोडू नका. मूळ फोनमध्ये जसेच्या तसे ठेवा आणि तपास करणाऱ्याला दाखवा. तुमचे वय लहान म्हणून तुमची साक्ष बाद होत नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणारे मूलही साक्षीदार होऊ शकते.

गवाही ही अमानत आहे, हे आपल्या घरात आपण लहानपणापासून ऐकतो. आपला माणूस आरोपी असेल तेव्हा ती जड होते आणि परका आरोपी असेल तेव्हा तिच्यात भर घालण्याचा मोह होतो. दोन्ही वेळा ती जेवढी घेतली तेवढीच परत करायची. अब्बांनी त्या दिवशी केले ते एवढेच.

उद्या तुमच्या दारात समन्स आले तर घाबरून शेजाऱ्याकडे धावू नका. कागद वाचा, तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी स्वच्छ कपडे घालून कोर्टाची पायरी चढा. ती पायरी शहाण्यासाठीच आहे.