काल्यात रांधणारीचा घास



हे काल्याचं निरूपण आहे. टाळ-मृदंग कागदावर उतरत नाहीत, चालही छापता येत नाही. म्हणून आपल्या हाती आलं आहे ते नुसतं बोलणं. तापीकाठच्या एका गावी सप्ताह होता, प्रकाशाहून फार लांब नाही. सात दिवस नाम झालं, आठव्या दिवशी काला. जे तिथे बसले होते त्यांनी ऐकलं. आपण आता घरी, एसटीत किंवा दिंडीच्या मुक्कामी वाचत असाल. आपल्याशीच बोलतो आहे असं समजा.

काला म्हणजे काय? गोपाळ सकाळी गाई घेऊन निघाले. प्रत्येकाच्या पाठीशी शिदोरी. कोणाच्या शिदोरीत दहीभात, कोणाच्या लोणचं, आणि आपल्या पेंद्याच्या शिदोरीत शिळी भाकर. पेंद्या लाजला, मागे सरून बसला. देव म्हणाले, आधी तुझी सोड. मग सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्या, देवाने आपल्या हाताने कालवल्या. कालवलं म्हणून काला.

यात तीन गोष्टी झाल्या, बोटांवर मोजा. ज्याचं थोडं होतं त्याचं थोडेपण झाकलं गेलं, ही एक. कोणी उपाशी राहिला नाही, ही दुसरी. तिसरी आपण विसरतो. वाटणारा देवसुद्धा त्याच पंगतीत बसून जेवला. सगळ्यांना वाढून झाल्यावर कोपऱ्यात बसून त्याने भांडं खरवडलं नाही. ही तिसरी गोष्ट धरून ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता गोकुळातून आपल्या घरी येऊ. आपला नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. खाली तापीची काळी जमीन, केळी, पपई, ऊस आणि नंदुरबारच्या लाल मिरचीच्या पथारी. वर सातपुडा. तिथे अक्कलकुवा, धडगावकडे डोंगरउतारावरचं एवढंसं शेत, मका, ज्वारी आणि पावसाचा भरवसा. पण पथारीवर मिरची निवडणारीच्या घरी जा, नाहीतर डोंगरातल्या घरी जा, महिना सरत आला की डब्याचा तळ दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, कोंड्याचा मांडा करणे. खानदेशात मांडा काय असतो हे सांगायला नको. पुरण भरायचं, हातावर फिरवत फिरवत परातीएवढा मोठा करायचा आणि तापलेल्या खापरावर टाकायचा. ते श्रीमंतीचं अन्न. आणि कोंडा म्हणजे धान्य पाखडल्यावर उरतं ते. कोंड्यातून मांडा काढणारी बाई पाहायची असेल, तर कोणत्याही गल्लीत जा.

ती काय करते? चार वाट्या ज्वारीत वाटीभर अख्खे उडीद टाकते, थोडं मीठ घालते आणि दळून आणते. तो कळणा. त्याची भाकर, वर कच्चं तेल, ठेचा आणि फोडलेला कांदा. आता आहार शिकलेले लोक सांगतात की ज्वारीच्या प्रथिनात जे उणं असतं ते डाळी भरून काढतात. आपल्या आजीने हे पुस्तकात वाचलं नव्हतं, पण जात्यात तिने हा काला कधीच केला होता.

भाजी नाही? वाटीभर बेसन भिजवलं, उकळत्या रश्श्यात डुबुकवड्या सोडल्या, सहा माणसं जेवली. तीही सोय नाही? बांधावरचा शेवगा आहे, त्याचा पाला ओरबाडला. अंबाडीचा पाला ज्वारीच्या कण्यांत शिजवला, लसणाची फोडणी दिली. पावसाळ्यात तरोटा उगवतो, त्याला कोणी पैसे मागत नाही. उन्हाळ्यात चार दिवस पाठ मोडेपर्यंत बसून बिबड्या, कुरडया, सांडगे घातले, ते श्रावणात उघडले. डोंगरात कैऱ्या सोलून, फोडी वाळवून आमचूर होतो. मोहाची फुलं वेचून ठेवतात. सकाळच्या उरलेल्या भाकरीचा कुस्करा संध्याकाळी तिखट-मीठ लावून कढईत परततात. गंमत बघा. आपण एकादशीला जी भगर खातो, ती मोर आणि बर्टीसारखी बारीक धान्यं सातपुड्यात रोजच्या जेवणातली. आपला उपवास तो त्यांचा स्वयंपाक. आणि उपवासाला आपण साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणतो, तेव्हा रोजच्या जेवणाहून जास्त खर्च होतो!

तैत्तिरीय उपनिषदात अन्नाला ब्रह्म म्हटलं आहे, आणि अन्नाची निंदा करू नये हे व्रत सांगितलं आहे. व्रत म्हटलं आहे, नुसता उपदेश नाही. म्हणून ताटावर बसून "आज पुन्हा हेच?" असं म्हणणाऱ्याचं व्रत तिथेच मोडलं. मग त्याने किती एकादश्या केल्या हे विचारायचं कारण नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, वा महाराज, गरिबीतसुद्धा किती आनंद आहे! थांबा, माउली. असं मी म्हटलेलं नाही. संतांनीही म्हटलेलं नाही. इ.स. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. तुकोबारायांची पहिली पत्नी त्यात अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. ज्याने घरात भूक अशी पाहिली, तो भुकेचं कौतुक कसं करील? नंतर तुकोबांनी काय केलं? लोकांकडून येणं असलेली कर्जखतं, आपल्या वाट्याची तेवढी, इंद्रायणीत सोडून दिली. भूक पाहिलेला माणूस दुसऱ्याच्या चुलीवरचं ओझं उतरवतो.

1972 चा दुष्काळ तर आमच्या पिढीने पाहिला. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिच्या भाकरी थापताना बायांची परीक्षा व्हायची. कडा फाटायच्या, भाकर हातात राहायची नाही. तरी थापल्या. पण त्या दुष्काळात माणसं जगली ती नुसत्या सुगरणपणावर नाही. काम मिळालं, धान्य आलं, म्हणून जगली.

मुक्ताईची कथा आठवा. मुक्ताईनगर आपल्या खानदेशातच आहे, तिची पालखी इथूनच पंढरीला जाते. आईबाप गेलेली चार भावंडं, मागून आणलेल्या माधुकरीवर जगणारी. एके दिवशी मांडे करायचे ठरले. पीठ होतं, कसब होतं. नव्हतं ते खापर. विसोबाने कुंभाराला सांगून ठेवलं होतं, या पोरांना खापर द्यायचं नाही. शेवटी ज्ञानोबांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने त्यावर मांडे भाजले. आपण चमत्काराला हात जोडतो, जोडलेच पाहिजेत. पण आधी काय घडलं ते बघा. गावाने भांडं नाकारलं, म्हणून भावाला पाठ तापवावी लागली. गरिबाच्या घरी कसब असतंच. कमी असतं ते खापर.

म्हणून आपलं जे हक्काचं आहे ते घ्यायला लाजू नका. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदयाच्या घराला 35 किलो, आणि 1 जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. शिधापत्रिकेत सुनेचं, लेकराचं नाव चढवलं आहे का ते बघा. नाव नाही तर तेवढं धान्य नाही. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि बाळंत मायबहिणीला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण. तिथेच बसून जेवायला सांगा. घरी आणलं तर ती डबा पोरांपुढे ठेवणार, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आता ती तिसरी गोष्ट. कीर्तनकाराचं जेवण गावात एकेका घरी असतं, म्हणून चुली पुष्कळ पाहायला मिळतात. शहाद्याकडच्या एका घरी जेवायला बसलो होतो. कळण्याची भाकर, डाळ, अंबाडी. नवरा, सासरा, तीन पोरं आणि मी, सगळे पंगतीला. मी त्या माउलीला विचारलं, "तुन्हं जेवन व्हयनं का?" ती हसली, म्हणाली, "मन्हं काय, व्हई जाई." निघताना पाणी प्यायला आत डोकावलो. टोपल्यात एक करपलेली भाकर होती आणि डाळीच्या पातेल्यात पाणी टाकून ते हलवून ठेवलं होतं. ते तिचं जेवण. पहाटे उठून कोसभर पाणी आणलेली, दिवसभर कापूस वेचलेली बाई, आणि तिच्या वाट्याला पातेल्याचं धुवण!

हे एका घरचं नाही. आपल्याकडून उसतोडीला गुजरातेत जोडपी जातात. तीन दगडांच्या चुलीवर पहाटे अंधारात भाकरी ती थापते, नवऱ्याइतक्याच मोळ्या ती उचलते, आणि रात्री जेवायला शेवटी तीच. घरात धान्य कमी पडतं तेव्हा ते सगळ्यांना सारखं कमी पडत नाही. रांधणारी स्वतःच्या घासातून ते भरून काढते. दुनिया तिला अन्नपूर्णा म्हणते आणि तिचंच रक्त कमी भरतं.

कोणी म्हणेल, हीच आपली संस्कृती, ती प्रेमाने करते. प्रेमाने करते हे खरं. पण भागवत उघडा. दशम स्कंध, 80 वा अध्याय. सुदाम्याच्या पत्नीबद्दल व्यासांनी काय लिहिलं? ती भुकेने खंगलेली होती. देवाला न्यायला घरात दाणा नाही, म्हणून तिने शेजारी जाऊन चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. पोटात आग, हातात पोहे, तरी एक दाणा तोंडात टाकला नाही. देवाने ते पोहे खाल्ले, दुसऱ्या मुठीला रुक्मिणीने हात धरला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

पण एक बघा. सुदामा परत निघाला तो रिकाम्या हाताने. वाटभर विचार करतो आहे, देवाने काही दिलं नाही, बरंच झालं. आणि तो घरी पोचण्याआधीच घर बदललेलं होतं. दारात पत्नी उभी, नटलेली, सुखी. म्हणजे वैभव आधी कोणापुढे आलं? भरलं ताट आधी कोणापुढे आलं? द्वारकेला जाऊन मिठी मारणाऱ्यापुढे नाही. घरी उपाशी बसून पोहे बांधणारीपुढे! देवाने तिची पंगत आधी बसवली. माउली, देवाला जे कळलं ते आपल्याला का कळू नये?

म्हणून आज काल्याच्या प्रसादाबरोबर एक नेम घ्या. भाकरी थापायला बसण्याआधी माणसं मोजायची, आणि रांधणारीला पहिली मोजायची. पाच भाकरी आणि सहा माणसं असतील, तर पाच भाकरींचे सहा वाटे करायचे. पाच जणांनी अख्ख्या खाऊन सहावीला धुवण ठेवायचं नाही. शक्य तिथे घराने एकत्र बसायचं, पातेलं मध्ये ठेवायचं, म्हणजे तळ सगळ्यांना दिसतो. तळ दिसला की हात आपोआप आखडतो. पालेभाजीवर लिंबू पिळा, आंबट असलं की तिच्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो ते लागू देत नाही. गरोदर किंवा अशक्त बाईने कडक उपास धरला, तर घरच्यांनी तिला समजावून जेवू घालावं. ती जेवली तर विठोबा रागावणार नाही, ही जबाबदारी माझ्याकडे.

पुरुषांना एक सांगतो. तळोदे तालुक्यातल्या मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात आपल्या आदिवासी बांधवांना आरतीला जमवलं, एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवलं आणि दारू सोडायला लावलं. दारू सुटली की तो पैसा कुठे जातो? चुलीकडे. संध्याकाळचा एक पेला आणि वाटीभर तूरडाळ यांचं भांडण आहे. निवाडा तुम्ही करायचा आहे.

आणि सप्ताहवाल्यांना. कर्ज काढून भंडारा घालू नका. ज्याच्या घरी पीठ नाही त्याने वर्गणी दिली नाही तरी तो वारकरीच आहे. त्याची मूठभर ज्वारी किंवा दोन तासांची सेवा पेंद्याच्या भाकरीसारखी आधी घ्या. पंगतीत पुरुष आधी बसतात, आणि धुराने डोळे लाल झालेल्या बाया उन्हं कलल्यावर उरलेला भात खातात, हे बदला. या गावात आज पहिली पंगत चुलीजवळच्या मायबहिणींची बसेल. टाळकरी वाढतील, मीही वाढेन. त्या नाही म्हणतील, लाजतील, पेंद्याही लाजला होता. आग्रह करून बसवा. आपल्या गावी सप्ताह असेल तेव्हा आपणही असंच करून बघा.

पंढरीला जाल तेव्हा विठोबाला नैवेद्य दाखवा. पण घरातून निघण्याआधी जिने तुमची शिदोरी बांधली तिला विचारा, तू जेवलीस का? ती "व्हई जाई" म्हणाली, तर टोपलं उघडून स्वतः बघा. ते भरलेलं असेल तर निर्धास्त वारीला निघा. रिकामं असेल तर बसा, अर्धी भाकर मोडा आणि तिच्या हातावर ठेवा. तो तुमचा काला.

रामकृष्ण हरी.