तिसरी पिन
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू घरी डॅक का काय ते बनवलं आहेस ना, त्यावर दहा मिनिटं बोल." डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचं पुन्हा आवाजात रूपांतर करणारी डबी. तशी चिप तुमच्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये असते. मग घरी कशाला बनवायची? निवृत्तीनंतर हाताला काम हवं होतं, हे खरं कारण. दुसरं कारण म्हणजे आपल्या निरोप समारंभाची कॅसेट. आपल्यातल्या एका मैत्रिणीने ती इतकी वर्षं जपली आणि गेल्या वर्षी तिची फाइल करून मला पाठवली. ती नीट ऐकायची होती.

चिपचं छापील बोर्ड तयार मिळालं. पुण्याच्या तापकीर गल्लीत फिरून बाकीचं सामान आणलं, दोन रविवारांत जोडणी झाली. बटण दाबलं आणि आवाज आला, "घर्रर्र." त्याच्यामागे कुठेतरी आपले मुख्याध्यापक बोलत होते.

पहिला दोष पॉवर सप्लायचा निघाला. मी काटकसर करून घरात पडलेला सहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वापरला होता. मला हवे होते पाच व्होल्ट, म्हणजे सहा पुरतील असा माझा हिशेब. पण ७८०५ हा रेग्युलेटर पाच व्होल्ट स्थिर द्यायचे तर स्वतःला सातच्या आसपास मागतो. डायोडमधून गेल्यावर माझ्याकडे जेमतेम सात उरत होते. त्यात पुढचा कपॅसिटर फक्त ४७० मायक्रोफॅरडचा. आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिजमधून गेल्यावर सेकंदाला १०० ठोके पडतात. दोन ठोक्यांच्या मध्ये कपॅसिटर रिकामा होत जाई, व्होल्टेज सातच्या खाली घसरे आणि रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा हात टेकी. तीच ती घरघर. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, रेग्युलेटरला छोटा हीटसिंक दिला. घरघर बरीच कमी झाली.

पण गेली नाही. दुसरा दोष ग्राउंडचा होता. मी सगळ्या ग्राउंडच्या वायरी एकीतून दुसरीत अशा माळेसारख्या ओवल्या होत्या. ब्रिजकडून कपॅसिटर भरायला येणारा प्रवाह झटक्याझटक्याने येतो आणि तो माझ्या चिपच्या ग्राउंडवरूनच जात होता. बारीक वायरीला शतांश ओहम रोध धरा आणि एक अँपियरचा झटका. झाले दहा मिलिव्होल्ट. आता दुसरी बाजू बघा. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. दोन व्होल्टचे तेवढे भाग केले तर एक पायरी साधारण ३० मायक्रोव्होल्टची. म्हणजे सर्वांत बारीक पायरीच्या तीनशेपट मोठा कचरा मी स्वतःच्या हाताने त्यात ओतत होतो! मग ब्रिज थेट कपॅसिटरला जोडला आणि कपॅसिटरच्या पुढे एकच बिंदू धरून सगळी ग्राउंड वेगवेगळ्या वायरींनी तिथे आणली. चिपच्या पायांना अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बसवले. घरघर संपली.

आता उरला एक मऊ, खालच्या पट्टीतला "हूंऽऽ". लॅपटॉपचं चार्जर काढलं की तो थांबे, लावलं की परत येई. म्हणजे डॅक निर्दोष होता. लॅपटॉपला चार्जरमधून अर्थिंग, ॲम्प्लिफायरला त्याच्या प्लगमधून अर्थिंग, आणि दोघांना जोडणारी माझी सिग्नलची वायर. जमिनीचं एक वेटोळं तयार झालं होतं आणि त्यात विजेचा हम शिरत होता.

आणि इथे मी ते केलं, जे सांगायला आज लाज वाटते. ॲम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थची वायर काढून टाकली. हम बंद! दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दुरुस्तीसाठी सिग्नलची वायर काढून ठेवली होती, ॲम्प्लिफायर मात्र चालू. पत्नी ओल्या फडक्याने तो पुसायला गेली आणि ओरडून हात मागे घेतला. जुना ट्रान्सफॉर्मर, आतून गळणारी वीज, पत्र्याचा डबा, आणि तिला जमिनीकडे न्यायला एकही वायर नाही. नशीब, झटक्यावर भागलं.

सर, तुम्ही समोर बसला आहात. दहावीत तुम्ही प्लग हातात धरून विचारलं होतं, "तिसरी पिन लांब आणि जाड का?" मी हात वर करून उत्तर दिलं होतं: लांब, म्हणजे अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि सगळ्यांत शेवटी सुटावं. परीक्षेतही ते लिहिलं, मार्कही मिळाले. चाळीस वर्षांनी घरी वापरायची वेळ आली, तेव्हा तीच पिन मी निकामी केली.

त्याच संध्याकाळी अर्थची वायर परत जोडली, ॲम्प्लिफायर दुरुस्तीला दिला. वेटोळं तोडलं ते सिग्नलच्या वाटेवर. डॅक आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ऑडिओचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. त्यातून आवाज चुंबकीय क्षेत्राने पलीकडे जातो, दोन ग्राउंड मात्र एकमेकांना शिवत नाहीत. तुमच्यापैकी कुणाच्या स्पीकरमधून असा हम येत असेल, तर वेटोळं सिग्नलकडे तोडा. अर्थिंगला हात लावू नका. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी माझं भाषण वसूल.

ती डबी मी आज बरोबर आणली आहे. कॅसेटची मूळची सळसळ ऐकू येईल, ती मी काढू शकत नाही. माझ्याकडून तिच्यात भर पडणार नाही, एवढीच खात्री देतो. निरोपाच्या गाण्याआधी दोन सेकंद शांतता आहे. पूर्वी तिथे नुसता हम होता. आता तिथे आपला एक मित्र घसा साफ करतो आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "घाबरू नकोस रे." तो मित्र आज आपल्यात नाही. गाणं त्याचंच आहे.

पंखे जरा बंद करता का? लावतो.