आजीच्या नावाचा रकाना

(देवस्थानच्या वर्धापनोत्सवात झालेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी दुःखाचा विषय काढतो, याबद्दल क्षमा असावी. निवृत्तीनंतर मी मुंबईस धारावीत मुलांची शिकवणी घेतो. तेथे आईबापांविना पोरकी झालेली नातवंडे वाढविणाऱ्या आज्या भेटतात. कोणाची मुले क्षयाने गेली, कोणाची दारूने, कोणाची 2021 च्या कोरोना साथीत. साठी उलटलेली आजी पहाटे उठून चार घरची धुणीभांडी उरकते, मग नातवाला शाळेत पोचविते. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेते. का, तर पाकीट अधिक दिवस पुरावे!

पोटापुरते ही माऊली मिळविते. तिचे अडते ते कागदाशी. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक प्रथम पिता, तदनंतर माता. आजीचा तेथे उल्लेख नाही. रीतसर पालक व्हावयाचे तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्यान्वये न्यायालयात जावे लागते. वकिलाची फी कोठून आणावी? कोरोनाकाळात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने दहा लाखांची तरतूद केली, ती योग्यच. परंतु क्षयाने गेलेल्यांची मुले तीत बसत नाहीत. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचे साहाय्य 2023 साली दरमहा 1,100 वरून 2,250 रुपये झाले. त्यासाठी मृत्यूचे दाखले हवेत, उत्पन्नाचा दाखला हवा, आधार हवे. आणि भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही! ती बिचारी पदराला बोटे पुसून पुन्हा टेकविते.

यांतील एक आजी आपल्याच देवस्थानच्या सेवेकरी घराण्यातील आहेत. त्यांच्या नातीसाठी मी आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज नेला. तळाशी छापले होते, ‘पित्याची स्वाक्षरी’. आजींनी विचारले, ‘‘मास्तर, हिथं माझा आंगठा चालेल का?’’ सरकारी कचेऱ्यांना नावे ठेवणारा मी, निरुत्तर झालो. हा अर्ज काही सरकारने छापलेला नव्हता.

त्या रकान्यात ‘पिता, माता अथवा सांभाळ करणारी आजी’ असा बदल व्हावा, अशी लेखी सूचना मी तयार केली आहे. सात महाजनांनी तीवर सह्या केल्या आहेत. महाप्रसाद होईपर्यंत ती सचिवांच्या मेजावर असेल; शेजारी लेखणीही ठेविली आहे.