क्रीडापट आणि ख्रिस्ती श्रद्धा

कोपर हें स्थानक दुमजली आहे. खालून कल्याणकडील लोकल धांवतात, आणि वरच्या फलाटावरून दिवा-वसई मार्गाची गाडी जाते. रविवारीं सकाळीं ह्या वरच्या फलाटावर ठेवणींतले कपडे घालून वसईच्या आप्तांकडे निघालेलें एखादें ख्रिस्ती कुटुंब दिसावें, आणि त्याच वेळीं जिन्याखालून खांद्यावर बॅट टाकलेल्या मुलांचा घोळका मैदानाकडे जावा, यांत नवल नाहीं. टेनिसच्या चेंडूवरचे क्रिकेटचे सामने रविवारींच व्हावयाचे. इतर दिवशीं शाळा आहेत, कचेऱ्या आहेत. परंतु त्या कुटुंबांतलाच मुलगा त्या संघाचा सलामीचा फलंदाज असला म्हणजे? उपासनेची वेळ आणि नाणेफेकीची वेळ एकच! आई म्हणते, ‘देवापेक्षां चेंडू मोठा झाला का रे?’ मुलगा म्हणतो, ‘मग दहा जणांना वाऱ्यावर सोडूं का?’ दोघांचेंही म्हणणें खोटें नाहीं, आणि म्हणूनच हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं.

अशा वादांत हटकून दाखला दिला जातो तो एका चित्रपटाचा. ह्यू हडसन यांनीं दिग्दर्शित केलेला ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ हा इंग्रजी चित्रपट १९८१ सालीं आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकासह चार ऑस्कर घेऊन गेला. कथा आहे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची. एरिक लिडेल हा स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा. १०० मीटरच्या शर्यतींत साऱ्या ब्रिटनची त्याच्यावर भिस्त. त्या शर्यतीची प्राथमिक फेरी ६ जुलै रोजीं, म्हणजे रविवारीं, आहे असें कळतांच तो धांवण्याचें नाकारतो. बडे लोक त्याची समजूत घालतात, राजपुत्र शब्द टाकतो. पण तो बधत नाहीं. त्या रविवारीं मैदानावर इतर धांवत असतां तो चर्चमध्यें यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतून वाचन करीत आहे, असें आपणांस पडद्यावर दिसतें. पुढें ११ जुलैला तो ४०० मीटरच्या शर्यतींत उतरतो आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवितो.

ह्या चित्रपटाचा खरा मोठेपणा असा कीं, त्यांत दुसराही एक नायक आहे. हॅरॉल्ड अब्राहम्स हा ज्यू. समाजाकडून पदोपदीं होणाऱ्या अवहेलनेला पायांनींच उत्तर देण्याच्या ईर्षेनें तो धांवतो आणि १०० मीटरचें सुवर्णपदक जिंकतो. एकाचा धर्म श्रेष्ठ व दुसऱ्याचा कनिष्ठ, असा निवाडा चित्रपट देत नाहीं. किंबहुना विजयानंतर अब्राहम्स खिन्न होऊन बसतो, हें दाखविण्याचेंही धैर्य त्यांत आहे.

तथापि इतिहासाला थोडी मुरड घातलेली आहे. चित्रपटांतील लिडेलला रविवारची वार्ता कळते ती फ्रान्सला जाणाऱ्या जहाजावर चढतांना. वस्तुतः शर्यतींचें वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधीं ठाऊक होतें. त्यानें नकार कळविला आणि मुकाट्यानें लांब पल्ल्याच्या सरावाला लागला. पडद्यावर जो क्षणाचा पराक्रम दिसतो, तो प्रत्यक्षांत महिनोन्‌महिन्यांचा व्यायाम होता.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. रविवारीं खेळूं नये हा दंडक कांहीं सर्व ख्रिस्ती लोकांचा नव्हे. स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट परंपरेंत तो विशेष कडक होता. ह्या परंपरेचे मिशनरी मुंबईला चांगले परिचित आहेत. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं स्थापिलेल्या शाळेंतूनच पुढें विल्सन कॉलेज उभें राहिलें. वसईचे मराठी ख्रिस्ती बहुतांशीं कॅथलिक. त्यांच्यांत सकाळीं मिस्सा ऐकून दुपारीं खुशाल चेंडू खेळण्याला कोणी पाप म्हणत नाहीं. म्हणजे कोपरच्या त्या घरांतील प्रश्न निषेधाचा नसून वेळेचा आहे. पण लिडेलचा दाखला देणाऱ्यांच्या हें लक्षांत येत नाहीं.

‘चॅरिअट्स’नंतर अमेरिकेंत ह्या जातीचे पुष्कळ चित्रपट निघाले. त्यांतला २००६ सालचा ‘फेसिंग द जायंट्स’ हा नमुन्यादाखल घेण्यासारखा आहे. जॉर्जिया संस्थानांतील अल्बनी येथील एका बॅप्टिस्ट चर्चनें तो तयार केला. चर्चच्या सभासदांनींच त्यांत भूमिका केल्या. शाळेच्या फुटबॉल संघाचा एक शिक्षक. संघ सारखा हरतो, मोटार सारखी बंद पडते, पदरीं मूल नाहीं. तो देवाला शरण जातो. मग संघ जिंकतो, नवी मोटार दारीं येते, आणि पत्नीला दिवस राहतात! श्रावणांतल्या कहाण्या ज्यांनीं आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना ही कथा अनोळखी वाटणार नाहीं. व्रत केलें, उतलों मातलों नाहीं, सारें कांहीं मिळालें, कहाणी सुफळ संपूर्ण. करणाऱ्यांचा भाव प्रामाणिक आहे, यांत शंका नाहीं. परंतु श्रद्धेचा असा नवस होऊन बसला, कीं हरणाऱ्या संघाच्या प्रार्थनेचें काय, ह्या प्रश्नाला उत्तर उरत नाहीं. त्या संघांतलींही मुलें गुडघे टेकून आलेलीं असूं शकतात! त्या मानानें २०११ सालचा ‘सोल सर्फर’ अधिक सरळ वाटतो. २००३ सालीं शार्क माशानें डावा हात तोडलेल्या बेथनी हॅमिल्टनची ती सत्यकथा. ती पुन्हां लाटांवर स्वार होते; पण देवानें तिचा हात परत दिला असें कोणी सांगत नाहीं.

आपल्याकडे धर्म आणि खेळ यांची सांगड पडद्यावर नव्हे, मैदानावरच घातली गेली होती. मुंबईचे युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान यांचे क्रिकेटचे सामने प्रसिद्धच आहेत. १९३७ सालीं त्यांत पांचवा संघ आला. नांव काय, तर ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले! हिंदी ख्रिस्ती, ज्यू इत्यादि मंडळी ह्या उरलेल्यांत. महात्मा गांधींनीं १९४० सालीं ह्या जातीय स्पर्धेबद्दल नापसंती व्यक्त केली आणि १९४६ सालीं ती बंद पडली, हें योग्यच झालें. परंतु त्या ‘उरलेल्यां’त विजय हजारे होते. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं ११ मार्च १९१५ रोजीं त्यांचा जन्म झाला. १९४८ च्या जानेवारींत अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकें करणारे, आणि १९५२ च्या फेब्रुवारींत मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कर्णधार ते हेच.

१९४३ च्या डिसेंबरांत ब्रेबोर्न स्टेडियमवर अंतिम सामना झाला. आधींच्या सामन्यांत हजाऱ्यांनीं २४८ धावा करून स्पर्धेचा उच्चांक केला होता. हिंदू संघाच्या विजय मर्चंटांनीं नाबाद २५० करून तो मोडला आणि ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. ‘रेस्ट’ १३३ धावांत गारद. दुसऱ्या डावांत हजारे उभे राहिले आणि संघाच्या ३८७ पैकीं ३०९ धावा एकट्यानें केल्या. धाकटे बंधु विवेक यांच्यासह सहाव्या गड्यासाठीं ३०० ची भागी झाली. त्यांत विवेक यांच्या धावा अवघ्या २१! धाकट्यानें एक टोंक धरून ठेवलें आणि थोरला लढला. तरी सामना एक डाव व ६१ धावांनीं गेलाच.

सांगली जिल्ह्याच्याच मुरलीकांत पेटकरांवर २०२४ सालीं ‘चंदू चॅंपियन’ हा चित्रपट निघाला, आणि तें उचितच झालें. हजारे मात्र पडद्याच्या नायकपदापासून दूरच राहिले. स्वभाव मितभाषी, श्रद्धेचें प्रदर्शन नाहीं, गाजलेला नकार नाहीं, आणि सर्वांत नांवाजलेली खेळी पराभवांत. पटकथाकारानें धरावें तरी काय?

लिडेलच्या चरित्रांतही असा एक भाग आहे कीं जो पटकथाकारांनीं धरला नाहीं. १९०२ सालीं ज्या चीनमध्यें त्याचा जन्म झाला होता, तेथेंच १९२५ सालीं तो शिक्षक व मिशनरी म्हणून परत गेला. दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं परकीय नागरिकांना स्थानबद्ध केलें. पत्नी व दोन मुलींना त्यानें आधींच कॅनडाला धाडलें होतें. तिसरी मुलगी तिकडे जन्मली, तिचें तोंड पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. १९४३ पासून तो वेइशिएनच्या छावणींत होता. आईबापांपासून दुरावलेलीं शाळकरी मुलें तेथें पुष्कळ होतीं. तो त्यांना शास्त्र शिकवी, त्यांचे खेळ भरवी, मोडक्या हॉकीच्या काठ्या बांधून देई. रविवारीं मात्र खेळ नाहीं, हा नेम तेथेंही कायम होता. एका रविवारीं मुलांनीं त्याच्यावांचूनच हॉकीचा सामना मांडला. पंच नाहीं, सामना मारामारीवर आला. पुढच्या रविवारीं पंच म्हणून मैदानावर उभा राहिला तो एरिक लिडेल.

ऑलिंपिकच्या पदकासाठीं जो नेम त्यानें मोडला नाहीं, तो भांडणाऱ्या पोरांसाठीं मोडला. कर्मठ माणूस ह्याला च्युति म्हणेल. परंतु पॅरिसच्या नकाराची किंमत ह्या एका सामन्यावांचून पुरती कळत नाहीं. तो नकार जर निव्वळ हट्ट असता, तर छावणींतही तो हट्टच राहिला असता.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजीं मेंदूंतील गांठीमुळें छावणीच्या रुग्णालयांत त्याचा अंत झाला. छावणीची मुक्तता झाली ती त्याच वर्षीं १७ ऑगस्टला. चित्रपटाच्या अखेरीस त्याच्या मृत्यूची नोंद त्रोटक अक्षरांत येते. मुलें, हॉकी आणि तो रविवार यांपैकीं कांहींच तींत नाहीं.