जुन्या मालमोटारींचे सुटे भाग आणि आपली कारागिरी

(ज्ञातिसंघाच्या फुलपाडा, विरार येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अशा मेळाव्यात विद्यार्थ्यांचे कौतुक, विवाहातील काटकसर आणि शिक्षणनिधी या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचे आहेत आणि आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी त्यांचा परामर्श घेतलेलाही आहे. आज आम्ही योजलेला विषय मात्र काहीसा ओबडधोबड, तेलकट आणि लोखंडी आहे. जुन्या अवजड मालमोटारी व त्यांचे सुटे भाग यांविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत. ज्या ज्ञातीच्या घरांत एका पडवीत भाता आणि दुसरीत रंधा चालला, तिच्या मेळाव्यात हा विषय परका वाटणार नाही, असा आमचा भरवसा आहे.

जीवदानीच्या डोंगराशेजारी, पापडखिंडीच्या धरणाजवळ वसलेल्या या फुलपाड्यापासून मुंबई-अहमदाबाद महामार्ग फार दूर नाही. पूर्वी त्यास आठवा क्रमांक होता, आता अठ्ठेचाळिसावा आहे. वसईची केळी व भाजी, वैतरणेची रेती, डोंगरातला दगड हे सारे या रस्त्याने मालमोटारींतून गेले. त्या मोटारी चालत्या ठेवणारे हात कोणाचे होते, याची नोंद मात्र कोठेही नाही. आजच्या बोलण्याचे प्रयोजन तेवढेच आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या पुष्कळ मोटारी लिलावात निघाल्या आणि त्यांतील कित्येक मालवाहतुकीत आल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो या अमेरिकन बनावटीच्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. हिंदुस्थान मोटर्सने बेडफर्ड आणली. टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १९५४ साली करार करून जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ ही मालमोटार काढली. मद्रासच्या अशोक मोटर्सने १९५५ साली ब्रिटिश लेलँड कंपनीशी नाते जोडले आणि अशोक लेलँड हे नाव धारण केले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, त्या आरंभीच्या काळात शेव्हरोलेट, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड अशा अनेक बनावटींच्या गाड्या एस.टी.च्या ताफ्यात एकत्र नांदत होत्या.

नांदत होत्या असे आम्ही म्हटले खरे. परंतु दुरुस्ती करणाऱ्यास तो संसार सोपा नव्हता. अमेरिकन गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे आणि त्यांचे आटे एका जातीचे; जुन्या ब्रिटिश गाडीचे मापही इंचाचेच, पण आटे निराळे; आणि जर्मन वळणाच्या टाटा-मर्सिडीजचे सारे माप मिलिमीटरचे. एकीचा नट दुसरीच्या बोल्टवर दोन फेरे जातो आणि अडकतो. जोर केला तर दोहोंचे आटे मारतो. म्हणून चांगल्या मिस्त्रीच्या पेटीत पान्यांचे तीन वेगळे जुडगे असत, आणि बोल्ट अंगठ्याखाली फिरवून तो कोणत्या देशाचा हे सांगण्याइतका त्याचा हात तयार असे.

पुढे १९५७-५८च्या सुमारास परकीय चलनाची मोठी टंचाई उद्भवली आणि आयातीवर कडक बंधने आली. परदेशी सुटा भाग मिळणे दुर्घट झाले. गाडी मात्र उभी ठेवणे मालकास परवडणारे नव्हते. अशा वेळी लेथवर बसलेल्या कारागिराने जुन्या पिनेवरून नवी पीन घडविली, गनमेटलचा बुश कातला, आणि लोहाराने तुटलेल्या पाट्याच्या जागी नवा पाटा ठोकला. तुटलेल्या भागाखेरीज दुसरा नकाशा त्यांच्यापुढे नव्हता.

या पाट्यांचेच उदाहरण घेऊ. मालमोटारीचा सारा भार कमानीसारख्या वाकलेल्या पोलादी पाट्यांच्या जुडग्यावर तोललेला असतो. सर्वांत वरच्या लांब पाट्याच्या दोन्ही टोकांस डोळे असतात; त्यांत बुश आणि पीन बसते. त्याखालचा प्रत्येक पाटा क्रमाने आखूड. मधोमध भोक पाडून सेंटर बोल्टने ते एकत्र बांधतात आणि यू-बोल्टांनी आसाशी आवळतात. भार पडला की कमान सपाट होते व तिची लांबी वाढते. ती वाढ सामावून घेण्यासाठी एका टोकास झुलता शॅकल ठेवलेला असतो. यू-बोल्ट ढिले राहिले तर पाटा बहुधा मधल्या भोकाशीच तुटतो, कारण तेथेच तो सर्वांत दुबळा असतो. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसलेला पाटा भट्टीत लाल करून घणाने पुन्हा वाक द्यायचा, तेलात विझवायचा आणि मग बेताने तापवून त्यास पाणी द्यायचे. कडकपणा अधिक राहिला तर पाटा काचेसारखा तडकतो, कमी झाला तर पहिल्याच खेपेत बसतो. हा बेत लोखंडाच्या रंगावरून ओळखायचा असतो. पुस्तकात वाचून तो डोळ्यांत येत नाही.

तथापि हाताच्या कौशल्याची स्तुती करताना विवेक सोडू नये. डिझेल पंपातील प्लंजर आणि त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांचीच असते. ते काम भाता-ऐरणीचे नव्हे. त्यासाठीच १९५१ साली बंगलोरला मायको कंपनी निघाली. पुण्यात १९६१ साली भारत फोर्ज स्थापन झाली आणि इंजिनाचे घडीव भाग देशातच होऊ लागले. ब्रेकची नळी, स्टिअरिंगचे सांधे हे भाग अंदाजाने घडवू नयेत, स्वस्त मिळाले म्हणून बनावट घेऊही नयेत. त्यांच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. काय हाताने करावे आणि काय करू नये, हे जाणणे हाही कारागिरीचाच भाग होय.

आता सुतारकामाकडे वळू. पुष्कळ श्रोत्यांना हे ठाऊक नसेल की त्या काळी कारखान्यातून अखंड मालमोटार क्वचितच येई. येई ती चासी: सांगाडा, इंजिन, चाके आणि फार तर पुढचे नाक. चालकाची केबिन, मागचा हौदा, बाजूचे व पाठीमागचे फाळके, टपावरची माल ठेवण्याची जागा हे सर्व गावोगावच्या सुतार-लोहारांनी लाकूड आणि पत्रा यांतून उभे केले. दगड वाहणाऱ्या गाडीचा तळ जाड फळ्यांचा, भाजीच्या गाडीचे फाळके उंच आणि हवा खेळती ठेवणारे. ज्या गावचा जसा माल, तसा तेथला हौदा. त्यावर रंगाऱ्याने फुले, मोर आणि अक्षरे काढली. मागे लिहिण्याच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ या शब्दांवर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली बंदी घातली, इतकी ती अक्षरे सार्वत्रिक झाली होती.

उपसाधनांचीही गोष्ट तशीच. पितळी कर्णा आणि रबरी फुगा असलेला भोंगा, पाण्याची कॅनव्हासची पिशवी, ताडपत्री अडकविण्याचे घडीव हूक, चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा, आणि इंजिन फिरविण्याचे लोखंडी हँडल. या हँडलावर अंगठा इतर बोटांच्या बाजूसच ठेवावा, पलीकडून विळखा घालू नये, ही क्लीनरला मिळणारी पहिली शिकवण. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा किंवा मनगट मोडते. टाटा-मर्सिडीजच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा हाही आज इतिहासाचा पुरावा झाला आहे. १९६९ साली करार संपला आणि त्याच्या जागी टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. त्यामुळे नाकावरचे चिन्ह मूळचे असेल, तर गाडीच्या काळाचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

हे सारे आज सांगण्याचे कारण काय? जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, खाजगी वापराचे आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन त्यांत नोंदविता येते; वीस हजार रुपये शुल्क भरले की ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळतो. नियम स्तुत्य आहे. परंतु तो दुचाक्या आणि प्रवासी मोटारगाड्या यांपुरताच आहे. मालमोटारीस त्यात जागा नाही. श्रीमंताच्या दारातली गाडी वारसा ठरली, आणि त्याच वयाची, देशाचे धान्य वाहिलेली मालमोटार भंगार ठरली. दुसरीकडे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील वाहनांच्या योग्यता-प्रमाणपत्राचे शुल्क पुष्कळ वाढले. प्रदूषण आणि अपघात यांचा विचार करता रोजच्या वाहतुकीतून जुन्या गाड्या जाव्यात, हे आम्हांसही मान्य आहे. आमचा आग्रह इतकाच की त्यांतील काही थोड्या तरी पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी राहाव्यात.

येथे आणखी एक अडचण आहे. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्या नियमाची अट आहे. मोटारगाडीस ही कसोटी ठीक आहे. मालमोटारीचे मूळ स्वरूप म्हणजे कोणते? जी केबिन कारखान्याने कधी केलीच नाही, ती विरारच्या सुताराने केली, तर तीच तिची मूळ केबिन होय. जो पाटा आमच्या वडिलांच्या पिढीने ठोकला, तोही त्या गाडीच्या चरित्राचाच भाग होय. जुनी मालमोटार जतन करताना कारखान्याच्या पुस्तकाबरोबर कारागिराचाही शब्द प्रमाण मानावा लागेल. आणि तो शब्द आज कोठेही लिहिलेला नाही.

म्हणून ज्ञातिसंघापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, ज्यांनी पाटे, हौदे आणि केबिना घडविल्या, त्या वयोवृद्धांकडे मॅट्रिक झालेल्या एकेका मुलास वा मुलीस वही देऊन बसवावे. भागाचे बोलीतले नाव, माप, कृती आणि चूक झाल्यास काय होते, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. दुसरी, घराच्या माळ्यावर किंवा कार्यशाळेच्या कोपऱ्यात पडलेले जुने भाग वजनावर विकण्यापूर्वी प्रत्येक जातीचा एकेक नमुना, गाडीच्या नावासह चिठ्ठी बांधून, संघाच्या कपाटात ठेवावा. तिसरी, मालमोटारींनाही विंटेज वाहनांच्या नियमांत स्थान मिळावे आणि स्थानिक हौद्याला मूळ स्वरूप मानावे, असे निवेदन संघाने केंद्रीय परिवहन मंत्रालयास धाडावे. खर्च म्हणाल तर कपाटाचा आणि वह्यांचा.

काळ थांबणार नाही. नव्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन बसविणे बंधनकारक करणारी अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्येच निघाली. चालकाच्या जिवास त्याने आराम मिळेल, याचा आम्हांस आनंदच आहे. चालकही आपलेच आहेत. परंतु केबिन बांधणारा सुतार त्यामुळे अखेरचा ठरणार असेल, तर त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ देणे हे आपल्या ज्ञातीस शोभणारे नाही. भंगारात गेलेले लोखंड वितळून पुन्हा कामास येते. वृद्ध कारागिराबरोबर गेलेली कृती परत येत नाही. तेव्हा पुढील मेळाव्यापर्यंत निदान एक वही भरलेली असावी, एवढी विनंती आहे.