उसाच्या फडातील धूर

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांच्या शिबिरातील भाषण)



हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे चेंबूरची धुरांडी उभी राहतात आणि आपण खेड्यातील माणसे निश्चिंत होतो. ही निश्चिंती खरी नव्हे. प्रवरा व मुळेच्या पाण्यावर अहिल्यानगर जिल्ह्याचा उत्तर भाग उसाने हिरवा झाला. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि ग्रामीण महाराष्ट्राला नवी वाट सापडली. त्याच हिरव्या पट्ट्यात हिवाळ्याच्या संध्याकाळी गावांवर धुराचा थर साचलेला दिसतो. तो बहुतांशी तोडणी झालेल्या फडात पेटविलेल्या पाचटाचा असतो.

गाळपाचा हंगाम ऐन थंडीतला. रात्री जमिनीलगतची हवा गार व जड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर वर न जाता वस्तीतच रेंगाळतो. त्यातील अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोलवर उतरतात. दमा, हृदयविकार व बालकांचे श्वसनविकार यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. अशा कणांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे आपले २००९ चे राष्ट्रीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ सुचविली आहे.

शेतकरी काडी लावतो ती हौसेने नव्हे. खोडव्याला पाणी देण्याची घाई असते, पाचट सरीत अडते, मजूर मिळत नाहीत, उंदरांची धास्ती असते. काडीला खर्च नाही, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते जाळले की त्यातील सेंद्रिय कर्ब व बहुतेक नत्र हवेत जाते आणि आपण पुन्हा पोत्याने युरिया विकत आणतो! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस सोपी आहे: पाचट सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे. आच्छादनामुळे ओल टिकते, तण दबते. या अवर्षणप्रवण जिल्ह्यात मला खताहूनही पाण्याची ही बचत मोलाची वाटते.

१९८१ च्या वायु प्रदूषण कायद्याच्या कलम १९ नुसार राज्य शासनाला इंधनेतर वस्तू जाळण्यास मनाई करता येते. पण प्रत्येक फडावर शिपाई उभा करता येत नाही. ग्रामपंचायतीने वा सोसायटीने पाचट कुट्टीचे यंत्र भाड्याने उपलब्ध केले, तर मनाईपेक्षा अधिक काम होईल.

या धुराची पहिली झळ मात्र फडमालकाला बसत नाही. पाथर्डी, शेवगाव व शेजारच्या बीड जिल्ह्यातून आलेली तोडणी कुटुंबे फडाजवळच्या कोप्यांत राहतात. बाहेर पाचटाचा धूर आणि आत चुलीचा. २०१६ च्या उज्ज्वला योजनेतील गॅस असला तरी तो बहुधा गावाकडच्या घरी राहतो. कोप्यांतील मुले आपल्या शाळेत आली, तर शिक्षकांनी त्यांच्या खोकल्याची नोंद ठेवून आरोग्य केंद्रास कळवावे. आणि हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत, कोप्या कोठे बसवायच्या व त्यांच्या आसपास पाचट पेटवायचे नाही, हे दोन ठराव करून घ्यावेत.